चौथ्या कोपऱ्यातला वाल

सुईचा वरचा तुकडा मशीनमध्येच अडकून होता – अर्ध्या पेराएवढा, चकचकीत, आणि जिथे मोडला तिथे करडा. खालचा तुकडा कुठे गेला? मंगलाने मशीनच्या फळीवर हात फिरवला, कापड दाबून धरणाऱ्या लोखंडी पायाखाली बोट घातलं, पदर झटकला. दुकानदार रामनाथ टेबलाखाली वाकून बघत होता आणि म्हणत होता, "जाने दो वहिनी, सुईचं काय, दुसरी लावतो." त्याला दुसरी लावायची घाई, हिला मोडकी सापडायला हवी होती. टोक खाली नसेल तर ते गोधडीत गेलं असणार, आणि ही गोधडी आज कॉलनीतल्या बाईंना द्यायची होती, त्यांच्या रांगत्या नातवासाठी... तिने तो कोपरा चिमटीत धरून हळूच दाबला. टोक लागलं नाही. दुसरंच काहीतरी लागलं – चपटं, टणक, ओळखीचं. वाल. वालाचा दाणा. पण तो तिथे असेल कसा? तो कोपरा रिकामा होता. रिकामा होता म्हणूनच तर तिने तो मशीनखाली सरकवला होता, आणि तो रिकामा आहे हे सगळ्या घिवली गावात तिला एकटीलाच माहीत होतं.

मंगलाच्या घरात गोधडीचे तीन कोपरे शिवून झाले की चौथ्यात वालाचा एक दाणा घालत, कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेला, आणि मग तो कोपरा बंद करत. गोधडीने घास खाल्ला, आता ती ऊब देईल. उपाशी गोधडी ऊब कुठून देणार? मंगला लग्न होऊन आली तेव्हा सासूने, आनंदीने, तिला पहिल्यांदा शिकवलं ते हेच. त्याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं दोघी दुपारची भांडी आवरून ओटीवर गोधडी अंथरत, समोरासमोरच्या कडांना बसत आणि आपापल्या बाजूने टाके घालत मधोमध सरकत. काम संपत आलं की दोघींचे गुडघे एकमेकींना लागत. सासू-सुनेत जे काही बोलणं झालं असेल ते तिथेच, सुईकडे बघत बघत. मंगलाचं पहिलं मूल गेलं तेव्हा आनंदी तिच्याजवळ येऊन बसली नव्हती, डोक्यावरून हात फिरवला नव्हता. तिने गोधडी अंथरली होती आणि म्हणाली होती, तुजी बाजू धर.

आणि आता आनंदीची बाजूच बिघडली. डोळ्यांपुढे आधी धुरकट, मग नुसता उजेड आणि अंधार. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं. आनंदीने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी ओटीवर येऊन बसली. बोटांनी चाचपत शिवू लागली. टाके मोठे, लहान, तिरके... कधी कधी मंगलाच्या ओळीत घुसणारे. घरच्या गोधड्यांना ते चाललं असतं. पण कॉलनीतून मागणी येऊ लागली होती, आणि त्या बाईंनी मागची गोधडी उलगडून बघितली आणि हसत विचारलं – ही बाजू काय मुलांनी शिवली का हो?

मंगलाही हसली होती. हो, हसले होते मी! म्हणाले, पोरंच ती, ऐकतात कुठे. घरी परत येईपर्यंत ते हसू तोंडावर चिकटून राहिलं होतं आणि पुसता पुसलं जात नव्हतं.

तेव्हापासून ते सुरू झालं. दुपारी आनंदी जरा पडली, तिचा श्वास संथ झाला, की मंगला गोधडीची ती बाजू मांडीवर ओढायची, तिचे टाके उसवायची आणि सरळ रेषेत पुन्हा घालायची. आनंदी उठायच्या आत. कान आतल्या खोलीकडे, तोंडात तोडलेला दोरा – स्वतःच्याच घरात चोरासारखी. मागच्या मंगळवारी चौथा कोपरा उसवला तेव्हा वालाचा दाणा घरंगळत ओटीवरून अंगणात गेला आणि मंगला उठेपर्यंत कोंबडीने तो टिपला सुद्धा. दुसरा आणायचा तर डबा स्वयंपाकघरात, वाट आनंदीच्या अंथरुणावरून. जाऊ दे, म्हटलं. बाईंना कुठे माहीत आहे! कोपरा तसाच बंद केला, बारीक, एकसारख्या टाक्यांनी, आणि चार दिवस मनातल्या मनात त्या कोपऱ्याभोवती फिरत राहिली, पण त्याच्याकडे नजर टाकली नाही.

म्हणून तर आज बोईसरला मशीन बघायला आली होती. नवऱ्याने, कृष्णकांतने, दोनदा सांगितलं होतं, जा आणि काय ते बघून ये, सारखी चिडचिड करत बसू नको. रामनाथने पायमशीन दाखवली, काळी, चाकावर सोनेरी नक्षी असलेली. मग भिंतीला टेकवलेल्या दोन चौकटी दाखवल्या, उमरोळीच्या सुताराने केलेल्या. लहान चौकटीवर गोधडीचे थर ताणायचे, कच्चा टाका घालायचा, आणि मग ते मशीनवर घ्यायचं. मागे-पुढे होणं, गुंडाळणं, सगळं एका माणसाच्या हाताखाली. मोठी चौकट हातशिलाईची. तिच्या दोन्ही अंगांना बसायला जागा, पण तिच्याबरोबर मशीनचं काही काम नाही. ओटी केवढीशी – दोन्ही मावणार नव्हत्या.

"मग, अकेलीसाठी की दोघींसाठी?" रामनाथने विचारलं होतं.

"एकटीसाठी," मंगला म्हणाली होती. इतक्या पटकन, की तिने स्वतःकडेच चमकून बघितलं. मनात हे तयारच होतं म्हणायचं! घरून निघताना तर ती स्वतःला सांगत होती, बघू, विचारू, आईंना काय बरं पडेल ते घेऊ... आणि जिभेवर मात्र ही लहान चौकट, ओटीचा एक कोपरा, सरळ धावणारी शिवण आणि समोर कोणी नाही. समोर कोणी नाही! त्या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं की लाजच वाटली. मग घाईघाईने, लाज झाकायला म्हणून, ती म्हणाली, या गोधडीच्या कडेवरून जरा मशीन चालवून बघते, आणि घडी उलगडली. सुरुवात कुठून करायची? तिन्ही कोपरे सोडून तिने चौथा धरला. तिथे सुईला काही लागणार नव्हतं.

"उद्या सांगते," ती आता म्हणाली आणि गोधडीची घडी घातली. रामनाथ काहीतरी समजावत होता. सोमवारी टेम्पो आहे, घरपोच देतो. तिने मान हलवली आणि स्टँडकडे चालू लागली. कारखाने सुटले होते, सायकलींच्या घंटा, हिंदीतल्या हाका, कोणाचा तरी धक्का. कॉलनीचा थांबा आला तेव्हा ती एस.टी.तून उतरली नाही. मांडीवरची गोधडी जड लागत होती. बोटं घडीतून आत शिरत पुन्हा पुन्हा त्या कोपऱ्याशी जात – टोक शोधायला, असं ती स्वतःला सांगत होती – आणि प्रत्येक वेळी वालाशी थांबत. म्हणजे आनंदीने कोपरा चाचपला. म्हणजे तिला तो उपाशी लागला. म्हणजे मी केव्हातरी घरात नसताना, पाण्याला गेले असताना, डब्यातला दाणा घेऊन, न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझे टाके उसवून... आणि पुन्हा शिवले ते कसे? मी ते बघितले कसे नाहीत? बघितले असते तर तिरके म्हणून उसवलेच असते की. आणि किती दिवस? कोपऱ्याचं कळलं, तर बाकीचं? सगळ्याच गोधड्यांचं? तिला आनंदीचा रागच आला. कळलं होतं तर ओरडायचं होतं, चार शब्द सुनावायचे होते. ही कसली गप्प बसायची रीत!

घरी आनंदी ओटीवरच होती, खांबाला टेकून. गोधडी खाली ठेवल्याचा आवाज तिने ओळखला.

"बाईंना दिली नाय?"

"नाय. मशीनवर घातली तर सुई मोडली. टोक आत हाय बहुतेक. आई, तुमी हात नका लावू."

"आण इकडं. तुज्या डोल्यांना काय गावायचं नाय ते."

आनंदीने गोधडी ओढून घेतली. कडेकडेने बोटं चालवत आली, दोन कोपरे ओलांडले, तिसरा ओलांडला, चौथ्याशी थांबली. अंगठा एका जागी फिरला, दाबला, आणि दोन नखांत ते टोक बाहेर आलं. तिने ते मंगलाच्या तळहातावर ठेवलं. मग कोपरा तसाच धरून म्हणाली,

"नेमका ह्योच कोपरा मशीनखाली का घातलास?"

अंगणात कोंबडी माती उकरत होती. खोटं बोलायला जागा होती, भरपूर होती. हाताशी आला म्हणून, घाईत होते म्हणून. मंगलाच्या तोंडून निघालं, "रिकामा वाटला."

"हं," आनंदी म्हणाली. कोपरा चाचपत म्हणाली, "तुजे टाके लय बारीक. उसवताना नख मोडलं माजं."

बस, एवढंच. मंगलाला हसू आलं – दोघी, एकाच गोधडीवर, एकमेकींच्या झोपेची आणि पाण्याच्या खेपेची वाट बघत, एकमेकींचं उसवत बसलेल्या!

"दोरा ओवून दे. आनि तुजी बाजू धर."

मंगलाने दोरा ओवला. समोर बसली. टोक काढताना सैल झालेल्या कोपऱ्यात आनंदीने वाल बोटाने आत सरकवला आणि तो शिवायला घेतला. उद्या रामनाथला काय सांगायचं? लहान चौकट अजून हवी होती, हे मंगलाला लख्ख कळत होतं. ती सरळ शिवण, ती मोकळी जागा... दुपारी हवी होती तितकीच आताही हवी होती, लाज वाटूनसुद्धा. फक्त ते चोरून हवं असणं संपलं होतं. समोरच्या बाईला सगळं ठाऊक होतं आणि तरी ती आपली बाजू शिवत होती. आता जे काय करायचं ते हिच्या तोंडासमोर करावं लागणार, आणि ते कितीतरी अवघड होतं.

आनंदीचा टाका तिरका निघाला. पुढचा त्याहून तिरका, सरळ मंगलाच्या ओळीकडे येणारा. मंगलाची बोटं शिवशिवली. तिने हात मांडीखाली दाबून धरले आणि ती बघत राहिली, हा टाका आपण उद्या उसवू की नाही, ते तिचं तिलाच सांगता येईना.