जिवंत गाळाची खेप

मित्रांनो, मी एक जुना टँकर आहे. पाण्याचा नव्हे, मैल्याचा. घरांच्या मागे जमिनीत शौचालयांच्या टाक्या असत. त्या भरल्या की मला बोलावणे येई. पाठीवर लोखंडी पिंप, कडेला जाडजूड नळी आणि मैला खेचणारा पंप, असा माझा थाट. नवा होतो तेव्हा माझा हिरवा रंग इतका चकाकत असे की मला वाटले होते, आपल्या नशिबी दूध वाहणे असणार.

माझ्याबरोबर दोन भाऊ काम करत. थोरला गाडी चालवी, धाकटा नळी सांभाळी. आम्ही गल्लीत शिरलो की खिडक्या धडाधड लागत. धाकटा म्हणे, "दादा, बघ आपला दरारा. वाघ आला तरी लोक एवढ्या घाईनं आत पळणार नाहीत."

"नळी धर नीट, वाघोबा," थोरला हसू दाबत म्हणे.

एका दुपारी नळीचे तोंड चिंध्यांनी तुंबले. थोरल्याने पंप बंद केला आणि तो चिंध्या ओढायचा लोखंडी आकडा आणायला गेला. जाताना म्हणाला, "मी येईपर्यंत थांब." पण धाकट्याला दम कुठला? "हातभर तर खाली आहे," असे पुटपुटत तो टाकीत उतरला. अशा टाकीत विषारी वायू साचलेला असतो. तो दिसत नाही, ओरडायलाही सवड देत नाही. थोरला परतला तेव्हा काठावर नुसत्या चपला होत्या. तो मागोमाग उतरणार, तोच चौघांनी त्याला घट्ट धरले. "सोडा, माझा भाऊ आहे तो," एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. टाक्याच्या टाक्या उपसण्याची ताकद माझ्यात होती, पण एका माणसाला वर काढण्याची नव्हती.

त्या दिवसापासून थोरल्याने माझ्या चाकाला हात लावला नाही. मी कुंपणाशी गंजत पडलो.

धाकट्याची बायको मात्र घरी बसली नाही. दारोदार फिरून ती म्हणाली, "माझा माणूस गेला. आता कुणाचाही जायला नको." वस्तीने अखेर मनावर घेतले. घराघरातून पाइप टाकले गेले आणि शेवटी सांडपाणी शुद्ध करणारे नवे केंद्र उभे राहिले. तिने तिथेच काम शिकून घेतले आणि यंत्रे चालवू लागली.

पण केंद्र काही सुरू होईना. हौद भरला, हवा सोडणारी यंत्रे घुमू लागली, तरी पाणी काळे ते काळेच. केंद्राच्या इंजिनिअर बाईंनी समजावले, "घाण यंत्रं खात नाहीत, जंतू खातात. दुधाला विरजण लागतं ना, तसा इथे जिवंत गाळ लागतो. तो दुसऱ्या शहरातल्या चालत्या केंद्रातून आणावा लागेल. आणि वाटेत मरता कामा नये."

"मी आणतो," थोरला म्हणाला.

त्याने मला आतून बाहेरून घासून धुतले, इंजिन दुरुस्त करून घेतले. गाळ भरून येताना चढावर मी तापलो, तेव्हा ओली फडकी टाकत तो म्हणाला, "चल रे बाबा, एवढी खेप ने." मी नेली. तपकिरी गाळ हौदात पडला आणि ओल्या मातीसारखा वास सुटला.

काही दिवसांत पाणी निवळू लागले. मग एका सकाळी सगळा हौद फेसाळला. कुणीतरी उरलेला रंग आणि ॲसिड मोरीत ओतले होते. गाळ मेला. दुर्गंधी पसरताच केंद्रापाशी लोक जमले. एक गृहस्थ म्हणाले, "आपल्या जुन्या टाक्याच बऱ्या होत्या."

धाकट्याची बायको त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता तिने विचारले, "त्यांत उतरणार कोण, तेवढं सांगा." ते खाली बघत राहिले.

थोरल्याने मला पुन्हा बाहेर काढले. दुसरी खेप घेऊन परतताना केंद्राच्या फाटकापाशी माझे इंजिन कायमचे बंद पडले. तेव्हा त्याच लोकांनी बाह्या सरसावून मला हौदापर्यंत ढकलत नेले. ते गृहस्थही त्यांत होते.

या खेपेला गाळ जगला. एके दिवशी धाकट्याच्या बायकोने काचेच्या बरणीत पाणी घेतले. तळाशी गाळ बसला, वर स्वच्छ पाणी राहिले. तिने बरणी थोरल्याच्या हातात दिली. "दादा, झालं."

त्याने बरणी उजेडात धरली. "हे चार वर्षं आधी झालं असतं तर..." ती आत गेली आणि पुसलेलीच यंत्रे पुन्हा पुसत बसली.

मित्रांनो, आता मी केंद्राच्या भिंतीशी उभा आहे. माझा पत्रा झडत चालला आहे, त्याची मला खंत नाही. तुम्ही मोरीत रंग, ॲसिड, चिंध्या टाकता तेव्हा त्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी जिवंत असते, एवढे लक्षात ठेवा. आणि कधी कुणी टाकीत उतरताना दिसला, तर त्याला हाक मारा. त्याचा हात धरा. लागलेच तर त्याच्याशी भांडा. पण त्याला खाली जाऊ देऊ नका.