शाळेच्या नोंदवहीत नसलेला शब्द

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. शाळेत मला जनरल रजिस्टर म्हणतात. एखादे मूल शाळेत आले की त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, आधीची शाळा हे सगळे माझ्या एका ओळीत लिहिले जाते. ते मूल शाळा सोडून निघाले की त्याच ओळीवरून त्याला दाखला मिळतो. एकोणीस वर्षे मी हे काम केले. यंदा मात्र माझ्या नावाने असे काही सांगितले गेले की मला अजून त्या धक्क्यातून सावरता आलेले नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. जाड कागद, लाल कापडाची पाठ आणि कडक पुठ्ठे. दोन हजार सहा साली मुख्याध्यापकांच्या पिशवीत बसून मी एसटीने मुळशी तालुक्यात आले. आमची शाळा भरे गावाच्या पुढे आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. भरे, चांदे या गावांतल्या शेतकऱ्यांची आणि कंपनीतल्या कामगारांची मुले इथे येतात. अलीकडे लातूर, परभणीकडून नोकरीसाठी आलेल्यांची मुलेही येऊ लागली आहेत.

माझ्यावर पहिली ओळ उषाताईंनी लिहिली. त्या शाळेच्या लेखनिक होत्या. अक्षर बेताचे, पण बॉलपेन इतके दाबून चालवत की शिक्षक त्यांना चिडवायचे, ताई तुम्ही लिहिता की खिळे ठोकता? त्या हसून सोडून देत. एखाद्याचे नाव लिहिताना त्या आधी पालकांकडून ते दोनदा म्हणवून घेत. अर्जातले अक्षर लागले नाही तर अंदाजाने काहीही लिहीत नसत. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढत आणि पालकांना बोलावून घेत. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत त्यांच्या टेबलासमोरची रांग कधी लवकर संपत नसे. पण माझ्यावरून दिलेला दाखला कधी परत आला नाही. याचा मला फार अभिमान होता.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात कार्यालयाचा पत्रा गळला आणि माझी काही पाने भिजली. उषाताईंनी पानापानांत वर्तमानपत्र घालून मला चार दिवस पंख्याखाली ठेवले. पाने वाचली, पण काही ठिकाणी शाई पसरली ती पसरलीच. तिथे आता निळ्या डागाशिवाय काही दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी उषाताई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर मनीष सर आले. ते परभणीचे. पत्नी ज्ञानदा हिंजवडीत नोकरी करतात म्हणून दोघे मारुंजीत भाड्याने राहतात. मनीष सर वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. दुसऱ्या लेखनिकाची जागा रिकामीच होती. पत्रे, परिपत्रके, माहितीचे तक्ते, सभांची टिपणे, सगळे त्यांच्या एकट्याच्या अंगावर पडले होते. डबा उघडायलाही त्यांना कधीकधी चार वाजत.

यंदा जानेवारीत ज्ञानदाताईंनी त्यांना एआयचे एक साधन वापरायला शिकवले. मनीष सर बोलून सांगत, संगणक पत्र लिहून देई. पालकसभेचे टिपण पाच मिनिटांत तयार होई. मुख्याध्यापिका कल्पना मॅडमनी शिक्षकांच्या सभेत त्यांचे कौतुक केले. मलाही बरे वाटले. माणूस वेळेवर जेवू लागला, यात वाईट वाटण्यासारखे काय होते?

मग एके दिवशी त्यांनी मला टेबलावर उघडले आणि फोनने माझ्या एकेका पानाचे फोटो काढले. ते फोटो संगणकाला दिले. या फोटोंवरून दहावी आणि बारावीच्या मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले तयार कर, असे त्यांनी त्याला सांगितले. मला मिटून लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. त्यानंतर दाखल्यांसाठी कुणी ते कपाट उघडले नाही. दोनशे चौदा दाखले निघाले. सुबक, एकसारखे, खाडाखोड नसलेले. वर्गशिक्षकांनी सह्या केल्या, मनीष सरांनी केल्या, मॅडमनी केल्या. मुले दाखले घेऊन गेली.

जुलैमध्ये एका दुपारी कार्यालयात किसनदादा आले. ते चांद्याचे, पिरंगुटच्या एका कंपनीत काम करतात. बरोबर त्यांची मुलगी धम्मदीपा होती. ती आमच्याकडे पाचवीपासून बारावीपर्यंत शिकली होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. सकाळी पुण्यात तिच्या कागदपत्रांची पडताळणी होती. तिथे तिचा अर्ज अडवला होता. जातीच्या दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिलेला होता आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू. दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत दुरुस्त दाखला आणला नाही, तर या फेरीतली जागा जाणार होती.

किसनदादांनी आवाज चढवला नाही. दाखला टेबलावर ठेवला आणि त्या शब्दावर बोट टेकवले.

"माज्या आज्यानं दीक्षा घेतली तवापास्नं आमी बौद्ध हाय. माज्या दाखल्यावर बौद्ध हाय, थोरल्या पोराच्या दाखल्यावर बी हाय. मग ह्ये कुणी बदाललं?"

मनीष सर गोंधळले. म्हणाले, "काका, सगळे दाखले नोंदवहीवरूनच काढलेत. नोंदवहीतच तसं लिहिलं असेल."

मित्रांनो, कपाटाच्या पत्र्याआडून मी ते ऐकले आणि सुन्न झाले. माझ्यात तो शब्द त्या ओळीत नव्हता. कधीच नव्हता. पण मला ओरडता कुठे येते?

आवाज ऐकून कल्पना मॅडम बाहेर आल्या. त्यांनी मनीष सरांना खात्री करून घ्यायला सांगितले. मनीष सरांनी खात्री कुणाकडे करून घेतली, ठाऊक आहे? संगणकाकडे. दाखले बरोबर आहेत का, असे त्यांनी त्यालाच विचारले. पडद्यावर लगेच उत्तर आले आणि मॅडमनी ते मोठ्याने वाचले.

"सर्व दाखले मूळ नोंदवहीशी पडताळून पाहिले आहेत. सर्व नोंदी अचूक आहेत."

मूळ नोंदवहीशी! मी तर कुलपात होते. महिनोन्‌महिने दाखल्यांसाठी माझे एक पान कुणी उलटले नव्हते. मग हा कुणाशी पडताळून आला? इतक्या शांतपणे, इतक्या शुद्ध भाषेत कुणी खोटे सांगू शकते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. त्याहून धक्का याचा बसला की ते वाक्य ऐकताच मॅडमचा चेहरा निवळला. त्यांना ते पटले होते. आता चूक किसनदादांची ठरणार होती.

किसनदादा खाली बघू लागले. तेवढ्यात धम्मदीपा बोलली. "मॅडम, ती नोंदवही इथंच असेल ना? आम्हाला दाखवता का?"

किल्ली सापडायला थोडा वेळ लागला. मला बाहेर काढले, धूळ पुसली, तिचे पान उघडले. आणि मला भयंकर लाज वाटली. तिचे पान भिजलेल्या पानांपैकी होते. नाव स्पष्ट होते, जन्मतारीख स्पष्ट होती, आई चांगुणा हेही दिसत होते. धर्माच्या रकान्यात मात्र फक्त निळा डाग होता. वरच्या ओळीत हिंदू, खालच्या ओळीत हिंदू, मध्ये डाग.

मनीष सर त्या डागाकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "इथं वाचताच येत नाही. संगणकानं वरचं-खालचं बघून भरलं."

 मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांनीच उषाताईंना फोन लावून सगळे सांगितले.

उषाताई भऱ्यातच राहतात. अर्ध्या तासात आल्या. कुणाला काही विचारले नाही. मला उचलून खिडकीपाशी नेले, ते एक पान उभे धरले आणि त्याच्या मागच्या बाजूवर तर्जनी फिरवली. शाई वाहून गेली होती, पण दाबून लिहिलेल्या अक्षरांचे उलटे वळ कागदावर तसेच होते. त्यांनी मॅडमचे बोट धरून त्या वळांवरून फिरवले. मॅडमनी डोळे मिटले आणि एकेक अक्षर लावत म्हणाल्या, "बौ... द्ध."

उषाताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नुसते बोटाला जाणवलेले सरकारी कागदाला चालत नाही, म्हणाल्या. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी दोन हजार सतराच्या प्रवेश अर्जांचा गठ्ठा काढायला लावला. त्यात धम्मदीपाचा अर्ज निघाला. खाली चांगुणाबाईंची सही होती आणि धर्माच्या जागी तोच शब्द.

मग संगणकाकडे बोट करून त्या मनीष सरांकडे वळल्या. "मला वाचता आलं नाही की मी प्रश्नचिन्ह काढायचे. ह्यानं का नाही काढलं?"

मनीष सर म्हणाले, "मी त्याला तसं सांगितलंच नाही, ताई. ज्ञानदा म्हणाली होती की प्रत्येक ओळ स्वतः तपासून घे. त्यानं लिहिलं आणि मी न बघता सही केली."

 त्यांनी सबब सांगितली नाही, हे मला आवडले. नवा दाखला त्यांनी टाइप केला, मॅडमनी एकेक रकाना मोठ्याने वाचला आणि धम्मदीपाने माझ्या ओळीवर आणि अर्जावर बोट ठेवून तो ताडून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो पुण्यात मान्य झाला. तिला जागा मिळाली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. एक चुकला तर बाकीच्यांचे काय, असे उषाताईंनी विचारले. तीन दिवस त्या, मनीष सर आणि मॅडम मला मध्ये ठेवून बसले. एकाने वाचायचे, दुसऱ्याने बघायचे. दोनशे चौदापैकी सदतीस दाखले चुकलेले निघाले. कुणाचे आडनाव बदलले होते, कुणाचे गाव. रोहित नावाच्या मुलाचा जन्म तर अक्षरी 'एकतीस जून' रोजी झाला होता. जूनला एकतीस तारीख नसते, हे तिसरीतले पोरही सांगेल. त्या कागदावर तीन मोठ्या माणसांच्या सह्या होत्या. मॅडमनी तो दाखला वाचला, खाली ठेवला, पुन्हा उचलून वाचला. "हे माझ्या सहीनं गेलंय," एवढेच त्या म्हणाल्या.

सदतीस घरांना फोन गेले. मुले एकेक करून येऊ लागली. बहुतेकांनी दाखला नीट वाचलाच नव्हता. पण आरोही आली तेव्हा मला सगळ्यांत मोठा धक्का बसला.

आरोहीची ओळ धम्मदीपाच्या ओळीच्या बरोबर खाली आहे. तिची आई ती सातवीत असताना वारली. दाखल्यावर तिच्या आईच्या नावाच्या जागी वरच्या ओळीतले नाव घसरून आले होते. चांगुणा. मॅडमनी चूक दाखवली, माफी मागितली आणि विचारले की तुझ्या लक्षात आले नाही का ग?

आरोही म्हणाली, "आलं होतं, मॅडम. मी दोनदा वाचलं."

"मग सांगायला का नाही आलीस?"

"शाळेचा शिक्का हाय म्हनल्यावर मला वाटलं, बरोबरच असंल. शाळेच्या वहीत आदीपास्नंच असं असंल."

आपल्या आईचे नाव काय, हे जगात तिच्याइतके कुणाला ठाऊक होते? तरी शिक्का पाहून ती दीड महिना गप्प बसली. माझ्यात आपल्या आईचे नाव नाही, असे समजून ती दीड महिना राहिली. मित्रांनो, मी कागदाची आहे, पण त्या क्षणी मला वाटले की माझी शिवण उसवेल.

तिने वही बघायची परवानगी मागितली. मनीष सरांनी मला तिच्याकडे वळवले. तिने ओळ शोधली आणि बोट ठेवले. सुरेखा. भिजलेल्या पानावर ते नाव कोरडे, स्वच्छ राहिले होते. तिने ते हळू वाचले आणि बोट बराच वेळ काढले नाही. कुणी तिला घाई केली नाही.

आता मी कपाटात नसते. मनीष सरांच्या संगणकाशेजारी उघडी असते. पत्रे आणि टिपणे तो संगणक अजूनही लिहितो, आणि चांगली लिहितो. दाखला मात्र दोन माणसांनी माझ्याशी ताडल्याशिवाय बाहेर जात नाही. वाचता येत नसेल तर तसे स्पष्ट लिहायचे, असे मनीष सर आता त्याला प्रत्येक वेळी सांगतात. सदतीसपैकी चौतीस दाखले बदलून गेले. तिघांचे फोन लागत नाहीत. त्यांचे चुकीचे कागद माझ्या नावाने कुठेतरी फिरत आहेत, आणि ते कधी, कुणाला, कुठे अडवतील या विचाराने मला धडकी भरते.

म्हणून माझे एक ऐका. मला जपा, कोरडी ठेवा, पण त्याआधी हे करा. तुमच्या हातात कुठलाही दाखला आला, तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने, तर शिक्क्याकडे बघून घडी घालू नका. शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा. चुकलेले दिसले तर त्याच दिवशी शाळेत या आणि सांगा की हे चुकले आहे. तुमच्या आईचे नाव काय, हे तुम्हाला कुणाला विचारून ठरवायचे नाही.