गुरुवारची मूठ

"भाऊ, मले पुन्हा गुरुवारी मूठ मागाले जाऊ द्या," खिचडीचं पातेलं घासता घासता बनाबाई थांबली. "गावानं चालवलेलं पाळणाघर आहे हे. कंपनी तं काल आली, बाप्पा!"

माणिकराव दारातच उभे होते. मोताळ्याजवळच्या या गावात संस्था त्यांनीच काढली होती. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांची लेकरं दिवसभर सांभाळायची, त्यांना गरम जेवू घालायचं, एवढंच तिचं काम. आता खर्च उचलणाऱ्या कंपनीचा निरोप आला होता की यंदापासून आम्ही दुसऱ्या जिल्ह्यात संगणक शिकवणार. माणिकराव नागपूर-पुण्याच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून हात हलवत परत आले होते.

"जाय," ते म्हणाले. "घरोघरी मूठ निघाली तं चालवू. नाई तं सोमवारी कुलूप. माह्या अंगात आता हिंडाचं बळ नाई राह्यलं, बना."

मूठ म्हणजे काय, ते इथल्या जुन्या बायांना विचारावं. सकाळी चूल पेटवायच्या आधी मूठभर ज्वारी वेगळ्या गाडग्यात टाकायची. गुरुवारी बनाबाई पिशवी घेऊन दारात हाक मारायची, "लेकरायची मूठ!" मग गाडगं रितं व्हायचं आणि बोलणी सुरू व्हायची. काल कण्या खारट झाल्या, माझ्या नातवाचं नाक पुसलं नाही, अमक्याच्या पोराला जास्त वाढलं. जिनं मूठ दिली तिला रागावायचा हक्क, आणि बाया तो मनसोक्त बजावायच्या. बनाबाई वैतागायची, पण दुसऱ्या दिवशी मीठ बेतानं घालायची.

मग कंपनी आली. तयार खिचडीची चकचकीत पाकिटं आली. साहेब म्हणाले, लोकांच्या घरचं धान्य नको, ते निवडलेलं असतं की नाही कोण जाणे. माणिकरावांनी मान डोलावली. आणि बनाबाई? तिला काय आनंद झाला होता! नवं लुगडं नेसून ती घरोघर सांगत फिरली, "आता मूठ नोका काढू. कंपनी देते." त्यानंतर तिला कोणी रागावलंच नाही. हे बरं झालं, असंच तिला तेव्हा वाटलं होतं.

सुवर्णाच्या दोन वर्षांच्या पोराला रोज बनाबाईच भरवायची. गुरुवारी ती पहिली सुवर्णाच्याच दारात गेली.

"कंपनी गेली म्हून आम्ही आठवलो काय, काकू?"

"तसं नाई वं माय..."

"मंग कसं? तवा आमची ज्वारी लेकरायले चालत नव्हती. अन् आता घरात ज्वारी आहे कुठी? वावरात सारं सोयाबीन. रेशनचा तांदूळ आमालेच पुरत नाई." सुवर्णाचा राग खरा होता आणि अडचणही खरी होती. तरी तिनं चहा दिला.

कौशल्याबाईनं मुठीच्या गाडग्याला भोक पाडून त्यात कोरफड लावली होती. पुढच्या घरांत गाडगंच नव्हतं. कुणी नाही म्हणालं नाही, "पाहू" म्हणालं, आणि त्या "पाहू"चा अर्थ बनाबाईला चांगला कळत होता.

राहता राहिलं अजीजुन्निसाचं घर. लकव्यानं म्हातारीची उजवी बाजू गेली होती. खाटेवरूनच तिनं ओळखलं.

"लई दिवस लावले वं, बना. मलिहा, गाडगं काढ."

सुनेनं खाटेखालून गाडगं ओढलं. निम्म्याच्या वर ज्वारी होती.

"रोज डाव्या हातानं काढते अम्मी," मलिहा म्हणाली. "अर्धी खाली सांडते, मी वेचतो. बंद झालं म्हटलं, तं आयकतच नाई. भरलं का चिमण्यायले टाकाले लावते, अन् पुन्हा सुरू."

"चाची, म्या सांगतलं होतं ना तुले, नोको काढू म्हून?"

"तुले तसं बोलाले लावलं होतं," अजीजुन्निसा म्हणाली. "तू मनानं थोडीच म्हणशील?"

बनाबाईनं पदर तोंडात कोंबला. नाही गं बाई, मनानंच म्हणाले होते मी, हसत हसत म्हणाले होते!

एका घराच्या ज्वारीवर पाळणाघर चालत नसतं. शनिवारी तिनं त्याच ज्वारीच्या कण्या रांधल्या, लेकरांना भरवल्या, पातेलं उपडं घातलं. सोमवारी माणिकरावांनी कुलूप लावलं आणि किल्ली किती तरी वेळ हातातच धरून ठेवली. बनाबाई आता कापूस वेचायला जाऊ लागली. सुवर्णाही जायची. शेताच्या धुऱ्यावरच्या निंबाला तिनं झोळी बांधली होती, आणि पोर रडलं की दोघींचे हात थांबायचे, मग पुन्हा चालायचे.

गुरुवार आला. काम सुटल्यावर बनाबाई पिशवी घेऊन निघाली. पाळणाघर बंद झालं हे सांगून टाकावं, असं ठरवूनच निघाली होती. पण अजीजुन्निसाच्या दारात एकदा "नको" म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा जीभ वळेना.

मलिहानं गाडगं पिशवीत रितं केलं. तिला कुलपाचं ठाऊक होतं. तरी तळाचे चार दाणेही तिनं झटकून पिशवीत टाकले.

"लेकरं जेवली?" अजीजुन्निसानं विचारलं.

"जेवली, चाची."

"कण्या खारट तं नाई झाल्या?"

बनाबाईनं पिशवीचं तोंड बांधलं. मग म्हणाली, "झाल्या थोड्या."

"ध्यान कुठी राह्यते वं तुहं? लहान लेकरं आहेत ते!" म्हातारी चांगलीच रागावली, आणि डाव्या हातानं रिकामं गाडगं खाटेखाली सारायला लागली.