दारापुढचा बाजा

साखराबाईंनी सुनेच्या दुसऱ्या तळहातावर मेंदीचा शेवटचा ठिपका दिला आणि दूरच्या ताशाकडे कान लावला. देवाचा छबिना बाजारगल्लीपर्यंत आला होता.

“मुठी मिटू नको,” त्या तनुजाला म्हणाल्या. “सवाष्णीचे हात दिसले पायजेत आज.”

तनुजाने बोटं पसरली. तिचा नवरा सत्यम लातूरला डाळमिलवर कामाला जातो म्हणून उमरीहून निघाला, तो तिथे पोचलाच नाही. त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

गावाची रीत अशी, की ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी यात्रेच्या संध्याकाळी ओट्यावर कणकेचा दिवा ठेवायचा, वात दक्षिणेकडे करून. तो दिसला की छबिन्याचा बाजा त्या दारापुढे मुका होतो, शोभेची दारूही थांबते. दिवा घरच्यांनीच लावायचा; परक्याचा हात त्याला चालत नाही. भावकीनं साखराबाईंना गोडीगुलाबीनं सुचवून पाहिलं होतं. गेल्या साली तर त्या चवताळून रस्त्यात उतरल्या आणि बँडवाल्या दयानंदला दारापुढे दुप्पट वाजवायला लावलं. म्हातारीच्या नादी कोण लागणार? दिवा लावला तर पोराला आपणच मारलं, एवढंच त्या धरून बसल्या होत्या.

छबिना गल्लीत वळला. बाणांचा हिरवा-तांबडा उजेड दाराच्या फटीतून आत आला आणि तनुजाच्या मेंदीवर पडला. ताशा इतका जवळ आला की मांडणीतली भांडी थरथरली.

आणि दारापुढे बाजा थांबला.

साखराबाईंनी कडी काढली. एवढी माणसं रस्त्यात उभी, पण कुणी खोकतही नव्हतं. दयानंदनं टोपी काढून हातात घेतली होती. ओट्यावर कणकेचा दिवा जळत होता, वात दक्षिणेकडे.

त्यांचा संताप उसळला. मागे वळून त्यांनी तनुजाची मनगटं धरली.

“तू लावलास?”

“न्हाई, आत्या.”

तिने तळहात पुढे केले. मेंदी ओलीच होती, एक रेघ मोडलेली नव्हती. दिवेलागणीपासून ती त्यांच्यासमोरून उठलीच नव्हती.

दिवा उचलून भिरकावून द्यावा म्हणून साखराबाई वाकल्या, आणि हात तसाच राहिला. दिव्याची चोच डावीकडे मुरडलेली होती. सत्यम डावरा. दिव्याच्या अमावास्येला आईशेजारी बसून कणकेचे दिवे करायचा, तेव्हा त्याच्या प्रत्येक दिव्याची चोच अशीच वाकडी व्हायची. त्यावरून त्या त्याला दरवेळी रागवायच्या.

वात तडतडली. तेल संपत आलं होतं.

साखराबाई दिव्याजवळ खाली बसल्या. रस्ता अजून गप्प होता.

“तेलाची बुधली कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

तनुजा लगबगीने आत वळली, तसं त्यांनी तिला थांबवलं.

“तू हात धुऊन घे,” त्या म्हणाल्या. “तेल मी घालते.”