आभाळाखालचं खळं

ते १९८४ साल. पाऊस लवकर आटोपला होता आणि गावामागचा माळ भाजलेल्या मडक्यासारखा तडकला होता. त्याच माळावर माझ्या धाकट्या दिरानं विमानातून छत्रीनं उड्या मारायचं मैदान काढायचं ठरवलं.

भाऊजी सैन्यात छत्रीनं उतरणाऱ्यांपैकी होते. गाव त्यांना घार म्हणायचं. सैन्यातून सुटल्यावर शहरात एका गोदामाच्या दारावर उभं राहायचं काम मिळालं, तिथं माणूस उभ्या उभ्या वाळत चालला होता. मला एवढंच म्हणाले, "वहिनी, परवानगी मिळाली तर इथंच राहीन. नाहीतर आहेच ते दार."

सासूबाईंना हे खूळ वाटलं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचा पठ्ठ्या आभाळ पांघरायला निघालाय." माळावर चारणारा मेंढका तर आमच्या ओट्यावर ठाण मांडूनच बसला. विमानाच्या आवाजानं गाभण मेंढ्या गाभडल्या तर लोकर काय घारीची कातरू, असं ज्याला त्याला विचारायचा. ओढ्याकडची बाजू कळपाला कायमची सोडली, तेव्हा कुठं तो उठला. विमान खात्याच्या कचेरीत खेटे घालून भाऊजींच्या चपला झिजल्या. कधी विजेच्या तारा आड आल्या, कधी शेजारच्या रानवाल्यांची संमती. अखेर तिथल्या साहेबांनी सांगितलं, समोर उडी मारून दाखवा. आखलेल्या गोलात नीट उतरलात तर मंजुरी.

भाऊजींनी गोल नांगरला, ढेकळं फोडून माती पिठासारखी केली, कड चुन्यानं आखली आणि मित्राचं विमान घेऊन यायला शहरात गेले. माती मऊ कशाला केली, ते सांगायचं तेवढं राहिलं.

ते गेल्यावर सासूबाई माळावर गेल्या. नांगरलेला तुकडा बघून परत आल्या त्या तोंड बारीक करूनच.

"दाण्यासाठी आपण चोपून गुळगुळीत खळं करतो," त्या म्हणाल्या. "आणि माझं पोर येणार ते नांगरटीत?"

इतके दिवस आडवी आलेली म्हातारी पदर खोचून उभी राहिल्यावर मागं कोण राहणार? बायकांनी विहिरीवरून पाणी वाहिलं, भुसा पसरला. मेंढक्यानं आपण होऊन कळप आणला नि गोल गोल फिरवला. गड्यांनी दगडी रूळ ओढला. उन्हानं जमीन अशी बसली, की टाचेखाली वाजू लागली. खडा न खडा सासूबाईंनी हातानं वेचला.

साहेब आले. सगळं गाव माळावर. विमान दिसलं, मग एक ठिपका, मग छत्री उघडली. मेंढकाच आधी ओरडला. भाऊजी अगदी गोलाच्या मधोमध आले, आणि वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

साहेबांनी बुटानं जमीन ठोकली. "तुम्ही तर मऊ माती म्हणाला होतात. हे कुणी केलं?"

सासूबाई पुढं झाल्या. त्यांचे ओठ हलायच्या आत भाऊजी जमिनीवरूनच बोलले, "मीच सांगितलं होतं, साहेब. चुकलं माझं."

मंजुरी थांबली.

गाडीतून दवाखान्यात नेताना त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. मी विचारलं, वरून दिसलं नाही का?

"दिसलं की. ताटासारखं चकाकत होतं."

"मग बाजूला उतरायचं."

"बाहेर उतरलो असतो तर परवानगी गेलीच असती." मग म्हणाले, "आणि कडेला आई उभी होती, वहिनी. दोन्ही हात पसरून."

पुढच्या वर्षी मंजुरी मिळाली. उडी मित्रानं मारली. भाऊजींनी पुन्हा कधीच मारली नाही. लंगडत लंगडत वाऱ्याचं निशाण चढवायचे, शहरातल्या पोरांना उडायला शिकवायचे. त्या दारावर मात्र परत गेले नाहीत. मेंढक्याच्या मेंढ्या विमानाला इतक्या सरावल्या, की मान वर करेनात. तो गेला, कळप मुलानं विकला. साहेब निवृत्त झाल्यावर एकदा येऊन ओट्यावर चहा पिऊन गेले.

सासूबाईंना कुणी एका शब्दानं बोललं नाही. त्या मात्र हात चालेपर्यंत रोज सकाळी खुरपं घेऊन गोलात बसायच्या आणि माती भुसभुशीत करायच्या. नांगर आहे की, मी म्हणायचे.

"नांगराला काय ठाऊक," त्या म्हणायच्या, "वरून कुणाचं पोर येतंय."