झाकणातली भाजी

पुण्याच्या डीलरांनी आमचा डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला, ‘‘छान आहे’’ म्हणाले, चहा पाजला आणि ‘‘बघू’’ म्हणून निरोप दिला. तोक्योला परतल्यावर मी हे जसंच्या तसं सांगितलं, तर मीटिंगमध्ये सगळे खूश. ‘बघू’चा अर्थ त्यांना कसा समजावणार? खरं तर जपानीतही ‘विचार करतो’ म्हणजे नाहीच असतं. पण समोरचा परदेशी असला की माणूस शब्दाला शब्द धरून बसतो. पुढे ऑर्डरच्या रकान्यात भोपळा आला, तेव्हा सगळ्यांना ‘बघू’ कळलं.

आमची कंपनी जेवण गरम ठेवणारे डबे बनवते. जपानात डबा नेणारी माणसंच कमी होत चाललीत, म्हणून भारत. आणि भारताचा जाणकार म्हणून मी, चंद्रहास पटवर्धन. मार्चअखेर निकाल लागणार होता. डबा का विकत नाही हे सापडलं तर काम पुढे, नाहीतर भारत विभाग बंद आणि माझी नोकरीही. नोकरी गेली की व्हिसा, व्हिसा गेला की तोक्योच्या कोतो भागातलं घर आणि ओवीची शाळा. आमची ओवी इथेच जन्मली. पुणे म्हणजे सुट्टीतले डास, एवढीच तिची पुण्याशी ओळख.

मी हात धुऊन त्या कारणाच्या मागे लागलो. किंमत तपासली, रंग तपासले, आमटी भरून डबा उलटा टांगला. थेंब गळेल तर शपथ. झाकण तर आमच्या डिझाइनवाल्यांचा जीव की प्राण. घुमटासारखं गोल, म्हणजे वाफेचं पाणी भातावर न टपकता कडेनं ओघळावं.

‘‘तू स्वतः कधी नेलायस का हा डबा?’’ पोळ्या लाटता लाटता माझ्या बायकोनं, जयमालानं विचारलं.

‘‘शंभरदा टेस्ट केलाय.’’

‘‘टेस्ट केलायस. त्यात जेवलायस का?’’

जेवायला मी रोज आमचा लग्नातला स्टीलचा डबाच नेत होतो. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही, असं काहीतरी पुटपुटलो.

‘‘मग गिऱ्हाइकानं तरी का खावी?’’ ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या डब्यात पोळ्या आणि बटाट्याची भाजी भरून दिली.

आता कुवाबारा-सानांबद्दल सांगायला हवं. ते आमचे विभागप्रमुख, साठीला टेकलेले. निकाल वर कळवायचा तो त्यांनीच. नऊ वर्षांपूर्वी मी नवा होतो, तेव्हा कँटीनमध्ये शाकाहारी माणसाला मिळायचा तो कोरडा भात. सूपमध्येसुद्धा मासा. मी कोपऱ्यात एकटाच डबा उघडून बसायचो. एक दिवस हा माणूस कॉम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, भाताचा गोळा घेऊन आला आणि समोर बसला. मी सवयीनं झाकणात भाजी वाढून पुढे सरकवली. त्यांनी ती खाल्ली, झाकण धुऊन परत दिलं आणि तेव्हापासून रोज समोर बसत गेले. त्यांचं कुटुंब फुकुओकाला, ते इथे एकटे. माझं जपानी त्या टेबलावर सुधारलं आणि इथे परकं वाटणं तिथेच संपलं. त्यांचे उपकार मी मोजत नाही, पण विसरतही नाही.

तर त्या दिवशीही मी झाकणात भाजी वाढली आणि टेबलावर ठेवली. उलटा घुमट तो, राहतोय कुठे उभा? डुलला, कलंडला, आणि बटाटे हळदीसकट कुवाबारा-सानांच्या पांढऱ्या शर्टावर.

मी माफी मागत वाकलो तो वाकलोच. त्यांचं शर्टाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी झाकण उचलून पुन्हा ठेवलं. ते पुन्हा कलंडलं.

‘‘भारतात सगळेच असं झाकणात देतात का?’’

‘‘सगळेच. अगदी शाळेपासून. डबा कुणी एकटं खात नाही.’’

त्यांनी झाकण बोटानं पुन्हा डुलवलं. ‘‘आपण हा एकट्या माणसाचा डबा बनवला,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्याला तोच माणूस माहीत होता.’’

मार्चमध्ये वरच्या साहेबांपुढे त्यांनी एकही आलेख दाखवला नाही. झाकण टेबलावर ठेवलं, ते डुलत राहिलं. मग म्हणाले, ‘‘पटवर्धन-सानांचं झाकण असं असतं, तर मी नऊ वर्षं एकटा जेवलो असतो.’’ विभागाला आणखी वर्षभर मिळालं. झाकण सपाट झालं, त्याला वाटीसारखी कड आली. डीलरांनी या वेळी ‘छान आहे’ म्हटलं नाही. ‘‘किती पाठवताय?’’ एवढंच विचारलं.

पहिला माल रवाना झाला त्या दुपारी कुवाबारा-सान नवा डबा घेऊन माझ्यासमोर बसले. उघडला, झाकण उलटं ठेवलं, त्यात काहीतरी वाढलं आणि माझ्याकडे सरकवलं. भोपळा होता.

‘‘मासा नाही,’’ ते घाईनं म्हणाले. ‘‘नुसतं समुद्री शेवाळ घालून शिजवलाय. मीच केला. आधी दोनदा करपला.’’

इतकी वर्षं त्यांनी मला काही देऊ केलं नव्हतं. त्यांच्या खाण्यात माझ्यासाठी काही नसायचंच. भोपळा गिच्च शिजला होता, मीठही नव्हतं. पण भोपळा मिळाल्याचा असा आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी चाटूनपुसून खाल्लं, उठलो आणि झाकण धुऊन त्यांना परत दिलं.