गाडी नसलेल्या घरातला चार्जर

आमच्या घरात गाडी नाही. मला चालवता येत नाही, आणि माझ्या नवऱ्यानं जन्मात सायकलीच्या पुढे काही चालवलं नाही. तरी मी पोर्चच्या भिंतीवर विजेच्या गाडीचा चार्जर बसवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा शेजारीण कुंपणावरून म्हणालीच, "काय हो, दारात घोडं नाही आणि तबेला कसला बांधताय?"

"घोडं येतं ना," मी म्हटलं. "आल्या पावली परत जातं, म्हणून बांधतेय."

घोडं म्हणजे आमच्या लेकीची गाडी. लेकीला घरात सगळे ठमी म्हणतात. आता ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आहेत, पण आमची ती ठमीच. दुसऱ्या शहरातून रविवारी येते. येते म्हणजे काय, टेकते. ताटावर बसायचं, चार घास खायचे आणि हात धुता धुता मोबाईल बघायचा. "निघते गं आई, चार्ज कमी आहे. हायवेवर रांग असते." झालं! बाईसाहेब त्या चार्जिंगच्या स्टेशनवर जाऊन तासन् तास बसणार आणि आई इथे एकटी भांडी आवरणार. तिचे बाबा गेले त्याला वर्ष होऊन गेलं. त्या वर्षात पोरगी एकदाही मुक्कामाला राहिली नाही. मला दुसरं काही नको होतं हो. तिनं एक रात्र घरी झोपावं, सकाळी मी तिला "ऊठ, ऊठ" म्हणून ओरडावं, एवढंच. आडवं काय येतंय, तर वीज. मग वीजच आणू दारात, हाय काय नि नाय काय!

तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "कशाला उगाच" म्हणून मोडता घातला असता.

वायरमन आला तो कानावर पेन्सिल खोचून आणि तोंडाचा पट्टा सोडून. मीटरजवळचा बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि पुन्हा पुन्हा लावून बघितला.

"काकू, हे वायरिंग कुणी केलंय?"

"का?"

"हिरवी म्हणजे अर्थिंग असते, तर इथे हिरवीत करंट! आणि लाल बघा, ठार मेलेली. कुठल्या येड्यानं हे..."

"त्या येड्याबरोबर मी संसार केलाय," मी म्हटलं.

बिचाऱ्यानं जीभ चावली. मला राग आला होता खरा, पण हसूही दाबवेना.

त्याचं काय आहे, ह्यांना लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसायचाच नाही. दिवसभर टपाल कचेरीत शिक्के मारायचे, पण नाद सगळा वायरिंगचा. ह्या घरातली एकेक वायर ह्यांनी ओढलेली, तीही इथून तिथून उरलेल्या तुकड्यांची. स्टुलावर चढायचे आणि विचारायचे, "ही कुठली?" मी खालून सांगायची, "लाल." "आणि ही?" "ही हिरवी. अहो पडाल, खाली बघा." असं आमचं दोघांचं वायरिंग चालायचं. एकदा कशावरून तरी चांगलंच वाजलं आणि मी अबोला धरला. हे स्टुलावर वायर धरून उभे. "ही कुठली? अगं, ही कुठली?" मी ढिम्म. शेवटी म्हणाले, "असू दे. तुझ्यावाचून माझं अडत नाही!" आणि माझा शिवणाचा दोरा पळवला. करंटच्या वायरीला एक गाठ, न्यूट्रलला दोन, अर्थिंगला तीन. बोटांनी चाचपायचं, रंगाची भानगडच नको. गाठी मारायला ठमी. फ्रॉकमध्ये दोऱ्याचं रीळ घेऊन स्टुलाखाली बसायची आणि गाठ मारून झाली की दातानं दोरा तोडायची. दोघांचं काय गुळपीठ जमलं होतं! पुढे अबोला सुटला, पण गाठी राहिल्या. मला मनातून वाईटच वाटलं होतं तेव्हा. मला रंग विचारायचे थांबले ना!

"रंगाकडे बघूच नका," मी वायरमनला म्हटलं. "डोळे मिटा आणि गाठी चाचपा. एक करंट, दोन न्यूट्रल, तीन अर्थिंग."

त्यानं चाचपलं, टेस्टर लावून बघितलं, एकेक करत सगळे बोर्ड उघडले. कुठेही चूक नाही. "काकांनी डोकं लावलंय हां," तो म्हणाला. माझी मान ताठ झाली. मग त्यानं एक वायर हळूच वाकवली, तर वरचं आवरण पापुद्र्यासारखं सुटून खाली पडलं.

"चार्जरला मी मीटरपासून वेगळी जाड लाइन देतो, अर्थिंगही नवीन करतो," तो म्हणाला. "पण पोर्चकडे जाणारा पाइप एकच, तो ह्या वायरींनी ठासून भरलाय. आणि खरं सांगू का? चार्जर नसता तरी मी ह्या काढाच म्हटलं असतं. आज ना उद्या पेटतील."

"सगळ्या?"

"सगळ्या, काकू."

मी चहा टाकायला आत गेले आणि साखर घालायची विसरले. ह्यांचे कपडे देऊन झाले होते. चष्मा कपाटात गेला होता. पण भिंतींच्या आत हे अजून होते. बटण दाबलं की लागायचा तो दिवा ह्यांच्या हातचा होता. कसं काढा म्हणू? अगदी जिवावर आलं. मग स्वतःलाच झापलं, की बाई, गेलेल्या माणसाच्या वायरी कवटाळून बसणार आहेस, की जित्या पोरीला घरात ठेवणार आहेस?

"काढा," मी बाहेर येऊन म्हटलं. "मी बघणार नाही."

पण बघितलं. पाइपच्या तोंडाशी गाठी अडकायच्या, वायरमन हिसका द्यायचा, आणि दर हिसक्याला मी "हळू हो, हळू" म्हणायची. बिनसाखरेचा चहा तो बिचारा तसाच प्यायला.

पुढच्या रविवारी ठमी आली. पोर्चमधलं ते पांढरं खोकं बघून जागच्या जागी थांबली.

"हे काय?"

"चार्जर. लाव गाडी आणि राहा आज. आता तुझी सबब चालायची नाही." मला वाटलं होतं, गळ्यात पडेल. तिचा चेहरा पडला. तिनं भिंतीवरच्या ताज्या सिमेंटकडे बघितलं.

"बाबांच्या वायरी?"

"काढाव्या लागल्या गं. जुन्या झाल्या होत्या."

ती पायरीवर बसली. "आई, तू कशाला केलंस हे? माझी गाडी एका चार्जमध्ये येऊन-जाऊन पुरते. मला चार्जिंग लागतच नाही."

"अगं कार्टे!" माझं डोकंच फिरलं. "मी घर फोडून ठेवलं तुझ्यासाठी! मग त्या रांगेत बसतेस कशाला?"

"रांगेत नाही बसत. बाजूला गाडी लावून बसते." ती पायरीवरची सिमेंटची भुकटी बोटानं गोळा करायला लागली. "त्या दिवशी तुझा फोन आला, बाबा सिरियस आहेत म्हणून. मी तशीच निघाले. गाडीत चार्ज नव्हता, तिथे थांबावं लागलं. आणि तिथेच तुझा दुसरा फोन आला. मी चार्जिंग करत होते, आई. बाबा जात होते आणि मी चार्जिंग करत होते. आता इथे आले की घर खायला उठतं. मग तिथे जाते, रडून घेते आणि घरी जाते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. ती रस्त्यात होती एवढंच मला माहीत होतं. कुठे होती, हे वर्षभरात मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. ती रडेल म्हणून मी ह्यांचं नाव काढत नव्हते, आणि मी रडेन म्हणून ती. दोघी नुसतं वाढ आणि जेव करत राहिलो. मी तिच्या शेजारी बसले आणि तिला जवळ घेतलं. शेजारीण कुंपणापाशी आली होती, ती तशीच मागे फिरली.

मग ठमीनं नाक पुसलं. "एक विचारू? बाबांनी विचारलं होतं का गं माझ्याबद्दल?"

"सारखं. 'ठमी पोचली का?' एवढंच धरून बसले होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"पोचली म्हटलं," मी तिला सांगितलं. "म्हटलं, दारात गाडी लावतेय. मग 'बरं' म्हणाले आणि डोळे मिटले."